लेकीच्या गावाची चौकशी

आमच्यात मुलगी द्यायची तर आधी चौकशी करतात. पत्रिका, फोटो, पगार हे सगळं समोरून येतं, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरं ते मागून काढावं लागतं. मुलाच्या गावात आपलं कोणीतरी असतंच. मावशीची जाऊ, ऑफिसातल्या माणसाचा साडू, बदलीवर गेलेला एखादा मास्तर. त्याला म्हणायचं, जरा कानोसा घ्या. मग तो किराणा दुकानात उगाच साबण घ्यायला उभा राहतो, पानटपरीवर दोन शब्द बोलतो, आणि आठवड्याभरात निरोप येतो: घर बरं आहे, पण थोरल्यानं बायकोला माहेरी बसवलंय. किंवा, शेती सांगतात ती चुलत्याच्या नावावर आहे. ज्यांनी मुली दिल्यात त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

माझ्या एकुलत्या एक लेकीनं फोनवर सांगितलं की तिनं तिकडं, ऑस्ट्रेलियात, एक मुलगा पसंत केलाय, तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला. तिथं आपलं कोण आहे?

कोणी नाही! मोठं शहर असतं तर सोलापूरचा कोणी ना कोणी निघालाच असता. पण माझी लेक नर्स, आणि नोकरी लागलेली एका आडगावात. विमान उतरतं तिथून मोटारीनं दिवसभराचा रस्ता. गहू, मेंढ्या, मधोमध एक रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानं, त्यातली निम्मी बंद. एकदा तिनं व्हिडिओ कॉलवर गाव फिरवून दाखवलं. उजेड लख्ख आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, "कर्फ्यू लागलाय का गं?" ती हसली. मला हसू आलं नाही. आमच्या भवानी पेठेत मे महिन्याच्या दुपारीसुद्धा चार माणसं सावली धरून बसलेली असतात. जिथं भर दिवसा माणूस दिसत नाही तिथं काहीतरी असतं, असं माझं मत आहे.

मुलगा दिसायला बरा. उंच, उन्हानं भाजून लाल झालेला, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. कॅमेऱ्यासमोर त्यानं "नमस्ते आई" म्हटलं आणि बरोबर म्हटलं का म्हणून लेकीकडं बघितलं.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

लेक मध्येच बोलली. "तो एकटाच राहतो, आई."

"आणि आईवडील?"

"वडील गेले. आई आहेत."

"कुठं?"

"गावातच. तुझं बीपी कसं आहे? गोळी घेतेस ना?"

आता बघा. माझ्या लेकीला लहानपणापासून काही लपवायचं असलं की माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागते. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. आई गावातच आणि मुलगा एकटा राहतो? म्हणजे भांडण आहे. नाहीतर आईनं दुसरं घर केलंय. नाहीतर तुरुंगात आहे. माझं डोकं एकदा चालायला लागलं की कुणाच्या बापाला थांबत नाही.

करकंबला माझी थोरली बहीण असते, आक्का. स्वतःच्या, दिरांच्या, भाच्यांच्या, सगळ्या पोरींची लग्नं तिनं जमवली. तिला फोन लावला.

"जात कंची हाय त्यांची?" आक्कानं विचारलं.

"आक्का, गोरे आहेत ते."

"गोरं हायती ते ठावं हाय की मला. गोऱ्यातबी असंलच की वरचं-खालचं. तू इचार." मग थोडी थांबून म्हणाली, "आन् घराण्यात कुणाला काय रोगराई? कोड? दमा? डोस्क्याचं काय?"

शेवटचं म्हणताना तिचा आवाज खाली आला. कारण माझ्या नवऱ्याचं तेच होतं. मिलच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा हुशार माणूस. पोरगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला त्याचं मन फिरलं. भिंतीशी बोलायचा, जेवणात कोणी काही घातलंय म्हणून ताट सरकवायचा. औषधं झाली, मोठ्या दवाखान्यात ठेवून आणलं, आक्काच्या हट्टापायी देवऋषीसुद्धा झाला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा बिघडायचं. हार्ट अ‍ॅटॅकनं गेला तोवर हेच. बोळात भिंतीला भिंत, शेजारी यंत्रमाग थांबला की आमचं कुजबुजणंसुद्धा पलीकडं ऐकू जायचं, मग लपणार काय? तरी मी तोंडानं कुणापाशी शब्द काढला नाही. त्यांना शुगर आहे, चक्कर येते, एवढंच. ऑफिसात शुगर, नातेवाइकांत शुगर, लेकीच्या शाळेतसुद्धा शुगर.

लेकीला नातेपुत्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, माणसं बोलकी. पोहे झाले, सुपारी कधी फोडायची इथपर्यंत आलं, आणि एक दिवस फोन: पत्रिका जुळत नाही. अहो, पत्रिका आधीच जुळवून झाली होती की! त्यांचा माणूस आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात येऊन गेल्याचं मला मागाहून कळलं. त्यानंतर लेकीनं लग्नाचं नाव काढू दिलं नाही. नर्सिंग झालेलंच होतं, तिकडच्या परीक्षा दिल्या आणि गेली.

तेव्हा चौकशीनं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. एकदा आमची ती करून लोक मोकळे झाले होते. आता मुलीची आई मी होते आणि विचारायची पाळी माझी होती.

इंटरनेटवर त्या गावाचं नाव टाकलं. आधी हवामान आलं, मग पेट्रोल पंप, मग गावाच्या इतिहासाचं मंडळ. मूठभर माणसांचं गाव आणि त्याला इतिहासाचं मंडळ! जुन्या रेल्वे स्टेशनात बसतं म्हणे. रेल्वे बंद झाली, रूळ काढले, आणि रिकाम्या स्टेशनात यांनी जुने फोटो मांडले. मी पंख्याखाली बसून त्यांचं सगळं पान वाचून काढलं, आणि खरं सांगते, मला एक अक्षर पटलं नाही.

पहिली पिठाची गिरणी, पहिली शाळा, लोण्याचा कारखाना, नदीला पूर, मग "गावकऱ्यांनी एकदिलानं" बांधलेला पूल. एकदिलानं म्हणे! आमच्या बोळात एका गटारावरून दोन घरं अजून एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. गावातलं हॉटेल तीनदा जळालं आणि तिन्ही वेळा त्याच घराण्यानं पुन्हा उभं केलं, असं मोठ्या कौतुकानं लिहिलेलं. एकदा जळणं मी समजू शकते. तिसऱ्यांदा जळतं तेव्हा काडी कुणी लावली ते विचारायचं असतं. आणि सगळ्यात वर, अगदी पहिल्या ओळीत, की पूर्वी या नदीकाठी मूळचे रहिवासी राहत असत, पुढं ते दुसरीकडं निघून गेले. दुसरीकडं म्हणजे कुठं? आम्ही सोलापूरकर, पाणी किती दिवसांआड येतं हे विचारून घर भाड्यानं घेणारी माणसं. वाहती नदी सोडून कोणी हौसेनं निघून जातं, हे मला सांगू नका. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि मग त्या हॉटेलवाल्या घराण्याचं आडनाव वाचलं. माझ्या होणाऱ्या जावयाचंच! तीनदा जळालेलं हॉटेल माझ्या व्याह्यांचं!

पानाच्या तळाशी लिहिलं होतं, गावाच्या इतिहासाबद्दल काही विचारायचं असल्यास जरूर संपर्क साधा. मी साधला. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, इंग्रजी मजकूर लिहायला हात बसलेला. लिहिलं, मी सोलापूरची निवृत्त बाई, लहान गावांच्या इतिहासाचा अभ्यास करते. आमचं गाव कापडाचं, तुमचं लोकरीचं, तेव्हा तुलना करावी म्हणते. खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. तुलना तर मी करतच होते.

मंडळ एक म्हाताऱ्या बाई चालवायच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मनातल्या मनात मी त्यांना स्टेशनवाल्या बाई म्हणायला लागले. लिहीत बसण्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर बोलू या, म्हणाल्या. माझा सकाळचा चहा होईतो त्यांची दुपार झालेली असायची. त्यांचं इंग्रजी नाकातून यायचं, निम्मं कळायचं नाही. माझ्यासाठी त्या सावकाश बोलायला लागल्या. इथं त्यांचं बोलणं मी आपल्या भाषेत सांगतेय.

आधी लोकर, मेंढ्या, बाजार असं गोल गोल फिरून मी हॉटेलवर आले. "तीनदा कसं हो जळालं?"

"एकदा चुलीनं, एकदा वीज पडून," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदाचं गावात कोणी बोलत नाही."

"का?"

"मालकाचा चुलतभाऊ होता. विम्यासाठी. पुढं तो गाव सोडून गेला."

म्हटलं नव्हतं? चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, रक्त तेच की. पण बाईंनी इतक्या सहज सांगितलं म्हणून मी चाट पडले. आमच्याकडं असलं काही काढून घ्यायला चार फेऱ्या मारायला लागतात. मग त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून मी ते नदीकाठच्या लोकांचं विचारलं. कुठं निघून गेले ते?

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"निघून गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "हाकलले. काहींना मारलं, गावामागच्या टेकडीपाशी. माझ्या पणजोबांच्या वेळची गोष्ट, आणि इथं ती सगळ्यांना माहीत आहे. ती ओळ मी लिहिलेली नाही. पण इतकी वर्षं मी ती खोडलीही नाही. खोडायला पाहिजे."

फोन ठेवल्यावर कपबश्या विसळताना मी स्वतःशी म्हटलं, ही बाई खोटं बोलणारी नव्हे. माझ्याकडून इतकं म्हणवून घेणं सोपं नाही.

म्हणून पुढच्या फोनवर मी जरा धीटपणे सरकले. त्या हॉटेलवाल्यांचं आता कोण कोण आहे? जमीनजुमला काही? पितात का? आजारपणं? मुलाची आई हयात आहे म्हणतात, ती कुठं असते? मुलाजवळ का नाही राहत?

बाईंचा चेहरा बदलला. चष्मा नाकावर घेऊन त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं मी कॉलेजात उशिरा फी घेऊन येणाऱ्याकडं बघायची.

"तुम्हाला लोकरीत काही रस नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकाच घराबद्दल विचारताय. जिवंत कोण, जमीन किती, म्हातारी कुठं सापडेल. इथल्या एका म्हाताऱ्याला मध्ये तुमच्याच देशातल्या एका बाईंचा फोन आला. अशाच गोड बोलत होत्या त्या बाई. त्याचं होतं नव्हतं ते घेऊन गेल्या. आता बँकेचा नंबर तुम्ही कधी विचारणार?"

अगं बाई! मला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिसातलं टाचणीचं पाकीट कधी घरी आणलं नाही मी. "मी काय चोर वाटले का हो तुम्हाला?" असं चांगलं मराठीत ओरडले, मग भानावर येऊन इंग्रजीत.

"मग कोण आहात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मी मुलीची आई आहे!"

"कुठल्या मुलीची?"

"तुमच्या गावातल्या त्या नर्सची. तो मुलगा तिनं ठरवलाय. त्या घरात मी पोरगी द्यायची का नाही ते मला बघायचंय."

बाईंनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का! आमच्याकडंसुद्धा हेच करतात, चर्चमधून बाहेर पडताना. फक्त कबूल करत नाहीत. विचारा आता, काय विचारायचं ते."

मी विचारलं. "त्याची आई कुठं आहे?"

"इथल्या वृद्धाश्रमात. तुमची मुलगी काम करते तिथंच. तुमची मुलगीच तिला आंघोळ घालते."

"इतकी म्हातारी आहे?"

"छे, माझ्याहून लहान. तिचं मन ठिकाणावर नाही. मुलगा शाळेत होता तेव्हापासून. घरातून निघते आणि चालत सुटते. ती घरी होती तोवर गाव मिळून पाळीपाळीनं बघायचो आम्ही. बुधवार माझा असायचा."

हॉटेल चुलीनं जळालं हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात. मी मात्र आभार न मानताच फोन ठेवला आणि लेकीला लावला. ती ड्युटीवर होती, तरी घेतला.

"मला का सांगितलं नाहीस?" मी सुरूच झाले. "त्या घराण्यात वेड आहे! तुला दुसरा मुलगा मिळाला नाही अख्ख्या देशात?"

ती मग म्हणाली, "हे वाक्य मी ऐकलंय, आई. नातेपुत्याच्या लोकांनी तुला पत्रिकेचं सांगितलं. त्या मुलानं मला फोन केला होता. अगदी याच शब्दांत म्हणाला होता."

मला ते ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी कळू दिलं नव्हतं. पण माघार घ्यायचा माझा स्वभाव नाही.

"मी त्यांच्यासारखी नाही," मी म्हटलं. "मी ते काढलंय, म्हणून सांगतेय. तुझ्याकडून तुझे बाबा, त्याच्याकडून त्याची आई. उद्या पोरं झाली म्हणजे? आणि तोही त्याच वळणावर गेला म्हणजे? मी जे भोगलं ते तुझ्या वाट्याला नको आहे मला. नकोच आहे!"

"मीपण त्याच घरात वाढले, आई. काय असतं ते मला माहीत आहे." मग म्हणाली, "लग्न मी करेन. पण तू मनातून नाही म्हणालीस तर तू येणार नाहीस, आणि आलीस तरी पाहुण्यासारखी बसशील. ते मला सोसायचं नाही. नीट विचार कर. रविवारी फोन करते."

ते दिवस वाईट गेले. जेवणावर वासना नव्हती. पोरगी तोडायची का विहिरीत जाऊ द्यायची, माझ्यापुढं एवढंच होतं. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "सरळ न्हाय म्हण. तुझं हाल बघितल्यात की आमी. पोरीची दया येती, पर न्हाय म्हण." आणि आक्काशी बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या मुलाला बायको नकोच आहे! त्याला आईला सांभाळायला नर्स हवीय, घरची, बिनपगारी, जन्मभराची. म्हणून तर वृद्धाश्रमात जाऊन बरोबर हिलाच हेरली. सगळं जुळलं. इतकं चोख जुळलं, की मला जवळजवळ बरं वाटलं.

शनिवारी स्टेशनवाल्या बाईंना फोन केला. दुपार होती, बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "तुम्ही खरं बोलता म्हणून विचारते. त्याला बायको हवीय का आईला नर्स?"

त्यांनीच उलट विचारलं, "तुमच्या मुलीनं स्टेशनात काय सांगितलं ते तुम्हाला माहीत नाही का?"

"काय सांगितलं?"

"तिच्या वडिलांचं. हिवाळ्यात आम्ही बाहेरून आलेल्या लोकांना बोलावतो. प्रत्येकानं आपल्या गावाचं सांगायचं. तेही रेकॉर्ड करून ठेवतो, कारण ती माणसं आता या गावची. स्टेशन भरलं होतं त्या दिवशी."

मला असा राग आला म्हणता! शुगर, शुगर म्हणून जन्मभर मी जे झाकलं, ते माझ्या पोरीनं परक्या गावाच्या स्टेशनात माईक हातात घेऊन सांगितलं? आमची अब्रू तिकडच्या वेशीवर टांगली? आणि मी इकडं बसून त्यांची बिंगं शोधत होते, त्या सगळ्या गावाला माझं घर आधीच पाठ!

बाई सांगत होत्या. "ती म्हणाली, बाबा घरातून निघून जायचे. लोक सांगायचे कडी लावा, बांधून ठेवा. आई कडी लावायची नाही. चपला हातात घ्यायची आणि त्यांच्या मागं मागं चालत राहायची, लांबून. हाक मारायची नाही. ते बंद गिरण्यांच्या भिंतीनं जायचे, तळ्याकडं जायचे, कधी गावाबाहेरच्या हमरस्त्याला लागायचे. दमले की आपोआप थांबायचे. मग आई शेजारी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, चला, चहा टाकलाय. आणि ते यायचे. तुमची मुलगी खिडकीतून बघायची. लहानपणी तिला वाटायचं, बाबा आईला फिरायला नेतात."

मला वाटायचं तेव्हा ती झोपलेली असते. किंवा अभ्यासाला बसलेली. बोळातली माणसं दाराआडून बघायची ते मला दिसायचं, म्हणून मी मान खाली घालून चालायची. आमच्याच खिडकीकडं मी कधी वळून बघितलं नव्हतं. पदराचा बोळा तोंडावर धरून मी त्या परक्या बाईसमोर हमसाहमशी रडले. इतक्या वर्षांत मी त्या माणसासाठी रडले नव्हते.

बाई मग म्हणाल्या, "हा मुलगा मागच्या खुर्चीवर बसला होता. तोवर आईला भेटायला आला की खोलीचं दार लावून घ्यायचा, ती सुटेल म्हणून. त्यानंतर लावत नाही. रोज संध्याकाळी तिला बाहेर पडू देतो आणि मागनं चालतो. तुमची मुलगी बरोबर नसते. तो एकटा असतो."

डोळे पुसले. पण मी मीच आहे, रडले म्हणून काय झालं. ऐकीव गोष्टीवर पोरगी देत नसतात.

"दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"रोज चालतो म्हणता ना? आज शनिवार आहे म्हणून सुट्टी नसेल. मला दाखवा."

बाई पुन्हा हसल्या. घड्याळाकडं बघितलं, फोन उचलला आणि बाहेर स्टेशनच्या फलाटावर येऊन बसल्या. रुळांच्या जागी गवत. पलीकडं तो रुंद रस्ता, उतरतं ऊन, माणूस नाही. आम्ही दोघी वाट बघत बसलो. माझ्याकडं डोक्यावर पंखा खडखडत होता, त्यांच्याकडं कसलेतरी पांढरे पोपट कलकलाट करत होते.

मग ती आली. निळा कोट, पिकलेले केस सुटलेले, हात ताठ, भराभर चालणं. ते चालणं मी कुठंही ओळखेन. कुठं जायचंय ते नक्की ठाऊक असल्यासारखं, आणि कुठंच जायचं नसतं. तिच्या मागं तो, कामाच्या मळक्या कपड्यात, पायात लोखंडी टाचांचे असावेत असे जड बूट. फोनमधूनसुद्धा ऐकू येत होते. ती एकदा दचकून मागं वळली आणि आणखी जोरात चालायला लागली. तो कावराबावरा झाला, जवळजवळ पळतच तिला गाठायला लागला. हाक मारण्यासाठी त्यानं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. कोपऱ्यावरनं दोघं दिसेनाशी झाली.

बाईंनी विचारलं, "पटलं?"

आधी मला आक्काला काय सांगायचं ते ठरवायचं होतं.

रविवारी फोन वाजला. लेक अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, ठरलं का तुझं?"

"त्याला म्हणावं, आधी ते बूट काढ," मी म्हटलं.

"काय?"

"बूट वाजतात त्याचे. मागनं आवाज आला की माणूस बिचकतं, जास्त जोरात सुटतं. आणि फार जवळून चालतोय तो. अंतर ठेव म्हणावं, पण नजरेआड होऊ देऊ नको. वळणावर तेवढं पुढं व्हायचं, नाहीतर गल्ली चुकते. हाक मारत नाही ते बरोबर आहे."

पलीकडं लेक रडायला लागली होती. मी बोलतच राहिले, कारण थांबले असते तर माझंही तेच झालं असतं.

"आणि दमून थांबल्या म्हणून लगेच हात धरायचा नाही. आधी शेजारी नुसतं उभं राहायचं. किती वेळ उभं राहायचं ते असं फोनवर नाही सांगता येत गं. मी येते ना तिकडं, तेव्हा त्याच्याबरोबर चालेन आणि दाखवेन त्याला."